टेम्पोचं भाग्य धावलं

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी खडकीजवळच्या विहारासमोर दोन रांगा लागल्या होत्या. एक आत, बुद्धमूर्तीकडे जाणारी. दुसरी फाटकाबाहेरच्या पिंपळाखाली जाणारी. दुसरी जास्त लांब होती, कारण आत नुसतं शांत बसायला सांगत होते आणि पिंपळाखाली भविष्य कळत होतं.

तिथे स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. अंगावर मरून शाल, खाली ट्रॅक पँट, कपाळावर चढवलेला गॉगल. मागच्या फलकावर नाव होतं, ‘बोधिपर्णाचार्य’. समोर पाण्याने भरलेली पितळी परात. आपण नाव सांगायचं, आचार्यांनी पेटीतून अंगठ्याएवढं कोवळं पान काढून पाण्यावर सोडायचं, आणि मग सगळ्यांनी श्वास रोखायचा. वारा नाही, फुंकर नाही, कुणाचा हात नाही, आणि पान सुळकन निघायचं! काठाला वळसा घालून पुन्हा धावायचं. गर्दीतून “आई गं!” असा आवाज उठायचा आणि मोबाईल उंचावले जायचे.

“गयेच्या मूळ वृक्षाचं पान आहे, दादा,” आचार्य सांगत होते. “अडीच हजार वर्षांचं व्हायब्रेशन! तुमच्या मोबाईलची रेंज जाते, ह्याची जात नाही. पान पळालं की समजा भाग्य पळालं. म्हणजे पुढे पळालं. गैरसमज नको.”

तेवढ्यात वरच्या पिंपळाचं एक पान त्यांच्या डोक्यावर पडलं. त्यांनी ते शांतपणे गयेच्या पेटीत टाकलं.

दुसऱ्या रांगेत लोणी काळभोरच्या मुलींचा क्रिकेट संघ उभा होता. खरं तर विहारात थांबायचं संघाची गोलंदाज दीपाली हिने सुचवलं होतं. दुपारी खडकीच्या मैदानावर अंतिम सामना होता, वाटेत वंदना करू आणि पुढे जाऊ, एवढाच बेत. पण हिंमतरावांना परात दिसली. हिंमतराव म्हणजे कप्तान रुपालीचे वडील, मंडप डेकोरेशनवाले, संघाचे व्यवस्थापक आणि टेम्पोचे मालक. हा टेम्पो हडपसरला बंद पडला होता आणि बंडगार्डनच्या पुलावर पुन्हा. ढकलून ढकलून संघाचा वॉर्मअप आधीच झाला होता.

“समद्यांची पानं बघून घ्यायची,” हिंमतरावांनी फर्मान काढलं.

रुपालीचं पान धावलं. बाकीच्यांचीही धावली. “ट्रॉफी तुमचीच,” आचार्य म्हणाले. धावलेलं पान आचार्य लगेच उचलून पेटीत टाकत. शेवटी दीपालीचं पान पाण्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. सरकारी कचेरीत साहेब बसावा तसं.

आचार्यांनी डोळे मिटले. “गती अडली आहे. हिच्या हातात आज चेंडू दिलात तर अख्ख्या टीमचं भाग्य बुडेल. सात रविवार शांती करावी लागेल.”

“आणि मॅच?” रुपालीने विचारलं.

“आठव्या रविवारी ठेवा.” न धावलेलं पान त्यांनी दीपालीच्या हातावर ठेवलं. “हे उशीखाली ठेव.”

हिंमतराव गंभीर झाले. “दीपाली, तू आज भाईर बस.”

“काका, आज निवड समितीच्या मॅडम येणार आहेत!”

“म्हणूनच. तू मला पोरीसारखी हाय. पण पान चाललं न्हाय, मी सोत्ता बघितलं.”

“पप्पा, शेवटची ओव्हर कोण टाकणार मग?”

“तुझं पान पळालंय नव्हं? तू टाक.”

“मी विकेटकीपर आहे!”

दीपाली पान मुठीत धरून आत गेली. वर्षभर तिने मंडपाच्या बांबूला स्टंप मानून यॉर्कर टाकले होते. जिल्ह्याच्या संघात जायची तिची एकच वाट होती, ती आज दुपारी मैदानावरून जात होती, आणि तिच्यावर एक पान आडवं बसलं होतं.

आत मेणबत्त्या जळत होत्या. अगरबत्तीचा, मोगऱ्याचा वास होता. लहानपणापासूनचा ओळखीचा वास. डोळे मिटून बसली तरी तिला काहीतरी खटकत होतं. बाहेर परातीपाशी वेगळाच वास होता. मैत्रिणींना तो जाणवला नाही, कारण त्यांच्या देवळात तो असतोच. पण विहारात कापूर?

दाराशी पांढऱ्या साडीतल्या ललिताताई खीर वाढत होत्या.

“जय भीम, ताई. इथे कापूर कुठे लावतात?”

“कापूर? इथे मेणबत्ती लावतात, अगरबत्ती लावतात आणि मोबाईल बंद करतात. शेवटचं कुणी करत नाही.”

“मग बाहेरच्या आचार्यांच्या परातीपाशी कापराचा वास कसा?”

“त्यांना आम्ही कितीदा उठवलं. म्हणतात, फूटपाथ महापालिकेचा आहे. मागच्या महिन्यात दुसऱ्या गावी नारळावर कापूर जाळून लग्नं जुळवत होते म्हणे. धंदा बदलला, सामान तेच.”

दीपालीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातली कापराने पळणारी होडी आठवली. तिने समोरच्या किराणा दुकानातून कापूर आणला. ललिताताईंनी खिरीचं एक ताट धुऊन पाणी भरून दिलं. पानाच्या देठाशी मेणाने कापराची अख्खी वडी चिकटवली, तर जड वडीने पान कलंडलं. मग वडीचा बारीक तुकडा लावून पाहिला.

“अगं बाई,” ललिताताईंच्या हातातला डाव हवेतच राहिला, “हे तर पळालं की!”

दोघी ताट घेऊन पिंपळाखाली आल्या.

“काका,” दीपाली म्हणाली, “एकाचं भविष्य बघायचं राहिलं. आपल्या टेम्पोचं.”

गर्दी हसली. दीपालीने उशीखाली ठेवायचं ते पान ताटात सोडलं. ते तीरासारखं सुटलं आणि काठाने गोल गोल फिरू लागलं.

“अडीच हजार वर्षांचं व्हायब्रेशन,” ती आचार्यांच्या सुरात म्हणाली. “टेम्पोचं भाग्य धावतंय. काका, मारा किल्ली.”

हिंमतराव खरोखर गेले आणि त्यांनी किल्ली मारली. खर्र. खर्र. फुस्स.

मग तिने पान उलटं करून सगळ्यांना दाखवलं. “हा कापूर. पाण्याचा वरचा थर ताणलेला असतो, तंबूच्या कापडासारखा. कापूर विरघळतो तिथे तो ताण कमी होतो. पुढचा ताण तसाच राहतो, तो पानाला ओढून नेतो. मघाशी माझ्या पानाला कापूर नव्हता, म्हणून ते बसून राहिलं. जो अडला त्याला शांती विकायची.”

“श्रद्धा नसेल तिथे...” आचार्य उठत म्हणाले.

“अहो, मग पेटीतली पानं उलटी करून दाखवा ना,” ललिताताई म्हणाल्या. “झाडाचीच आहेत, लाजताय कशाला? आत आम्ही वंदनेत रोज म्हणतो, या आणि स्वतः बघा. आज आम्ही बाहेर आलोय, तुम्ही दाखवा.”

गर्दीतली एक उंच मुलगी पुढे आली. खडकीच्या संघाची कप्तान होती ती. “एक मिनिट. सकाळी हे आम्हाला म्हणाले, ट्रॉफी तुमचीच!”

“आम्हालाही!” रुपाली ओरडली.

दोन संघ आणि एकच ट्रॉफी, हे गणित आचार्यांना पेटी बंद करता करता सुटलं असावं. परात तशीच काखेत मारून ते स्कूटरवर बसले. सगळं पाणी ट्रॅक पँटवर आलं. शालही ओली झाली. भाग्य मात्र पळालं.

हिंमतरावांनी टेम्पोचं मागचं दार उघडलं. “बस पोरी टेम्पोत. शेवटची ओव्हर तुझी.”

“बसून काय करू, काका? ढकलायचाय ना.”

सामना लोणी काळभोर हरलं. थोडक्यात, पण हरलं. दीपालीने मात्र शेवटच्या षटकात दोन दांड्या उडवल्या आणि मॅडमनी तिला जिल्ह्याच्या सरावाला बोलावलं.

परतताना टेम्पो हडपसरला पुन्हा थांबला. हिंमतराव पुटपुटले, “हरलो की गं. म्हंजी त्या पानाचं काय तरी...”

एवढ्यात नाक्यावरून बोलावलेल्या मेकॅनिकने वाकून डिझेलची नळी काढली, फुंकली आणि हातावर काळा गोळा धरला. “कचरा अडकलाय. कुणी उघडून बघितलंच नाही का?”

हिंमतरावांनी दीपालीकडे पाहिलं. ती हसली नाही. तिने फक्त उघड्या बोनेटकडे बोट केलं.

किल्ली मारली आणि टेम्पो सुरू झाला. त्याला कुणाचा आशीर्वाद नव्हता, कापूरही नव्हता. पान असो, नळी असो की एखाद्या मुलीचं भवितव्य, कुणी डोळे मिटून निकाल दिला तर आपण डोळे उघडे ठेवावेत आणि एकदा उलटून बघावं. आतला कचरा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.