परत देवाला दिलेली गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे, आणि मला दरवर्षी विकत घेऊन रावजींना काय मिळत होतं, ते मित्रांनो, आधीच सांगून टाकते. ऊब नव्हे. त्यांच्या घरी मऊ ब्लँकेटं होती. त्यांना मिळायच्या टाळ्या, चर्चच्या पाळकसाहेबांच्या तोंडून चारचौघांत नाव, आणि वर्षभर पहिल्या बाकावर बसताना जराशी ताठ मान. सौदा वाईट नव्हता. माझ्या वाट्याला मात्र कपाट यायचं.

माझा जन्म नाशिकचा. बहात्तरच्या दुष्काळात एका लहानशा चर्चच्या ओसरीवर अक्काबाईंनी मला शिवलं. मंडळीतल्या बायकांनी जुनी लुगडी दिली, पोटात कुणाच्या तरी धोतराचे थर गेले. अक्काबाईंचे टाके बारीक आणि जीभ सुईसारखी. पण दोरा ओढताना त्या हळूच म्हणायच्या, "जो थकला असेल त्याच्या अंगावर पडू दे, बापा."

दिवाळी उलटून थंडी पडली की आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होई. ज्याने त्याने आपल्या कष्टातलं काही आणायचं. चांदवडकडची कांद्याची गोणी, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी. उपासना संपली की तिथेच त्या वस्तूंचा लिलाव, आणि पैसा चर्चच्या कामाला. त्यात एक मानाची रीत होती. मोठी बोली लावून वस्तू जिंकायची आणि घरी न नेता मोठ्याने म्हणायचं, "परत देवाला!"

रावजी सातपूरच्या कारखान्यांना मजूर पुरवायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी मला जिंकलं आणि परत देवाला दिलं. टाळ्या पडल्या. मी डांबरगोळ्यांसोबत कपाटात गेले. पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव, पुन्हा रावजी, पुन्हा कपाट. असं चाललं ते चाललंच. माझ्याखाली कुणी झोपलं नाही. कुणाचा श्वास मला माहीत नव्हता. गंमत अशी, की त्या कपाटाच्या वरच भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, की थकल्याभागल्यांनी प्रभूकडे यावं, त्यांना विसावा मिळेल. आणि त्या अक्षरांखाली मी, कुलपात.

मला हात लावणारी एकच बाई, नवसाबाई. चर्चची झाडलोट करायची, मागच्या खोलीत एकटी राहायची. महिन्यातून एकदा ती मला उन्हात टाकी, झटके, घडी घाली आणि बोले. माणसं वस्तूंशी बोलतात, कारण वस्तू मध्येच सल्ला देत नाहीत. तिचा नवरा तापाने फणफणत होता, तेव्हा ती कितीतरी रात्री जागली होती. एका पहाटे तिचा डोळा लागला. उठून पाहते तो माणूस गार. तेव्हापासून ती खाटेला पाठ टेकत नसे. भिंतीला टेकून डुलकी घेई आणि दचकून उठे. भिंतीवरचं ते वचन ती रोज ओल्या फडक्याने पुसायची, पण मला सांगायची, "ते चांगल्या माणसांसाठी हाय, बाई. निजून नवरा घालवणारीसाठी नाय."

एकोणऐंशीच्या सणाला ती फारच वाळली होती. झाडताना बाकाला धरून उभी राहायची. अक्काबाई ते बघत होत्या.

बोली पुकारायला चंदर. तो बसकंडक्टर, त्यामुळे आवाजाची काळजी नव्हती.

"गोधडी! अक्काबाईंच्या हातची! एक वार, दोन वार, तीन वार! रावजीभाऊंना!"

"परत देवाला!" रावजी म्हणाले. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर अक्काबाई काठी टेकत पुढे आल्या. "पाळकसाहेब, आता ही कुणाची?"

"देवाची, अक्का."

"नक्की? कारण रावजी दरवर्षी देवाला देतो, आणि आपण ती देवाकडून काढून पुन्हा बाजारात उभी करतो. देवाला विचारलं का कुणी, त्याला ती कुणाला द्यायचीय?"

कुणीतरी हसलं. रावजी म्हणाले, "अक्का, पैसे चर्चलाच जातात ना?"

"जातात की. तुला टाळ्या, चर्चला पैसे. थंडी कुणाची गेली रे, भाऊ?"

आणि त्यांनी मला उचलून मागे उभ्या असलेल्या नवसाबाईच्या खांद्यावर टाकलं.

नवसाबाई चटका बसल्यासारखी मागे सरली. "नको अक्का. मी निजले का माणूस जातं."

"नवसे, राखण करणारा वेगळा आहे. तो निजत नाही. तू त्याच्या जागेवर किती वर्षं बसणार? ऊठ तिथून, त्याला त्याचं काम करू दे."

"पण माझी चूक, अक्का..."

"तीही त्यानेच घेतली, वधस्तंभावर. तू अजून धरून बसलीस."

नवसाबाई मला सावरत वळली. मागच्या बाकावर बसली. मग, भर दुपारी, सगळ्यांसमोर, मला अंगावर ओढून आडवी झाली. तिची हाडं मला टोचली. मी ओली होत गेले, ती कितीतरी वेळ रडली. आणि मग तिचा श्वास लांब झाला.

उरलेला लिलाव, मित्रांनो, बघण्यासारखा होता. चंदर भोपळा कुजबुजत पुकारत होता. लोक बोटांनी बोली लावत होते. कोंबडी रावजींनी जिंकली आणि ती ओरडू नये म्हणून कोटात धरून बसले. 'परत देवाला' म्हणायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण गिळलं. त्या दिवशी त्यांना टाळ्या मिळाल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी मोठ्याने काही परत दिल्याचं मी ऐकलं नाही.

मग मी नवसाबाईकडे सात हिवाळे होते. काही रात्री ती तरीही दचकून उठायची. मग मला गळ्यापर्यंत ओढून पुन्हा पडायची. शेवटी एका पहाटे माझ्याच खाली, शांत झोपेत गेली.

आता मी तिच्या भाचीच्या घरी, माळ्यावर ट्रंकेत आहे. मावशीची आठवण म्हणून जपून ठेवलंय म्हणे. पुन्हा डांबरगोळ्या, पुन्हा अंधार. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला जपू नका. ऊन दाखवा आणि गारठलेल्या कुणाच्या तरी अंगावर टाका.

हिशेब राहिला. लुगडी बायकांची. टाके अक्काबाईंचे. माझे पैसे रावजींनी भरले, तेही पुन्हा पुन्हा. पण नवसाबाईच्या झोपेचे? तिच्या पदरी तर काहीच नव्हतं. ते कुणी भरले, हे ती दर रात्री मला पांघरताना सांगायची.

"प्रभू येशू, माझं सगळं तू फेडलंस. आता तू जाग, मी निजते."