गंजाला पट्टा, पोरगी मांडीवर

हे ऐकून एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, पैज लावतो. तिरोड्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर मी छोटेलाल ऑटोवाल्याला हेच म्हणालो. आतलं दार बंद होतं आणि त्यानं विचारलं होतं, "आबाजी, हुआ कैसे?"

माझ्या लेकानं, गजेंद्रनं, नवी कार घेतली. सून पुष्पांजलीनं नागपूरहून माझ्या दोन वर्षांच्या नातीसाठी, साक्षीसाठी, गाडीत बसवायची पट्ट्याची खुर्ची आणली. आज बोदलकशाच्या तलावाहून गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, मासोळी घेऊन निघालो, तर आमची बुढी म्हणाली, "पोरीले कायले बांधता? वासरू हाय का ते?" पोरीला मांडीवर घेऊन ती पुढं बसली. खुर्चीत गंज ठेवून पट्टा आवळला. नव्या गादीवर मासोळीचं पाणी सांडायला नको ना! सून सासूचा शब्द मोडत नाही, ती मागं माझ्याजवळ बसली.

शोरूमवाल्यानं मला सांगितलं होतं, समोरच्या खणात पिशवी असते, धडक बसली की डोळा लवायच्या आत फुगते, लेकरू तिथं बसवू नका. मी तसंच सांगितलं.

गजेंद्र हसला. "बाबा, मागच्या साली तुमी वाघाले चहा पाजला. आता गाडीत फुगा निघाला का?"

"खरं सांगून राहिलो बे!"

"वाघाच्या वेळेसबी हेच म्हणलं होतं तुमी."

मी साक्षीला घ्यायला मागून हात लांबवला. बुढीनं चापट मारली. "गपचिप बसा. निजून राहिली ते." मी बसलो. दुसरं काय करणार होतो?

वळणावर बैल आडवा आला. गजेंद्रनं स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी पळसावर आदळली.

"मग?" छोटेलालनं विचारलं.

"मग काय! फट्टकन फुगा निघाला, ढगाएवढा. साक्षी त्यावर बसली अन् उडाली वर. तलावावरून चक्कर मारली. बगळे बाजूला झाले. मी खालून हाका मारून राहिलो, तर ते टाळ्या वाजवे. मग हळूच उतरली माझ्या धोतरात, खदखदा हसत."

छोटेलाल हसला नाही. बंद दाराकडं बघत म्हणाला, "झूठ, आबाजी. बच्ची को ऑटो में मैंने ही लिटाया था. हँसना तो दूर, वो आँख भी नहीं खोल रही थी."