सशाची डावी बाजू

तिसरीच्या वर्गाच्या बाईंनी घरातलं जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं आणि चौकोन आखलेलं भलंमोठं कापड जमिनीवर अंथरलं. कुठे गवताळ रान, कुठे नदी, कुठे वाळू, कुठे बर्फ. सगळं त्यांनी स्वतः रंगवलं होतं. त्यावर त्यांनी वाटीएवढा, चाकांचा रोबो सोडला. त्याच्या पाठीवर बाणांची बटणं होती. पुढे, डावीकडे, उजवीकडे, थांब, असा सगळा हुकूम आधी देऊन ठेवायचा आणि मग हिरवं बटण दाबायचं, की स्वारी निघाली.

"अगं, हे तुझं झुरळ माझ्या पायाशी का घुटमळतंय?" खुर्चीवर पाय वर घेत सासूबाई म्हणाल्या.

"झुरळ नाही आई, ससा आहे तो."

"सशाचे कान कुठायत?"

"ते तुम्ही शिवणार आहात."

सासूबाईंनी कुरकुरत का होईना, जुन्या मोज्याचे असे काही लांबलचक कान शिवले, की ससा वळला की ते चाकात अडकायचे. मग पुन्हा कुरकुरत त्यांनी ते आखूड केले.

शाळेत मात्र बाई सारख्या दाराकडे बघत होत्या, कारण तास बघायला मोठ्या बाई येणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. "प्राणी कसे जगतात ते पुस्तकात आहे की. त्यासाठी खेळणी कशाला?" असं त्या आधीच बोलून बसल्या होत्या. आता त्या इस्त्रीचे कपडे सांभाळत मागच्या खुर्चीत बसल्या. चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ.

खेळ सोपा होता. सशासारखेच आणखी काही रोबो वेगवेगळे प्राणी झाले होते. प्रत्येक गटाने आपल्या प्राण्याला रानातून नदीपर्यंत पोचवायचं. रानात बाईंचा कोल्हा फिरणार. कोल्ह्याच्या शेजारच्या चौकोनात जो हलला, तो गेला. गवतात गप्प बसला, तो वाचला.

पहिल्या दोन गटांनी फक्त 'पुढे' दाबलं. त्यांचं हरीण आणि उंदीर तहानलेल्या पाहुण्यांसारखे सुसाट सुटले आणि थेट कोल्ह्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. वर्गाने टाळ्या पिटल्या. बाईंनी उंटही त्याच रानात ठेवून पाहिला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "उंट गवतात कुठे लपेल, बाई? त्याला वाळूतच राहू द्या." बाईंनी तो निमूटपणे उचलून वाळूत ठेवला.

आवाज वकिलीणबाईंचा होता. वय आठ वर्षं; पण कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय ऐकायची नाही, म्हणून पोरांनीच हे नाव ठेवलं होतं. आता तिच्या गटाची पाळी होती. तिने सशाला गवतात ठेवलं, बटणं दाबली आणि हिरवं बटण दाबून हाताची घडी घालून बसली.

ससा जागचा हलेना.

"बंद पडला!" पोरं ओरडली.

"बॅटरी संपली का हो?" मागून मोठ्या बाईंनी विचारलं.

बाई वाकल्या, सशाला हात लावणार, तोच वकिलीणबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "हात नका लावू ना, बाई! कोल्हा बघतोय."

तिने ओळीने 'थांब' दाबून ठेवलं होतं. कोल्हा सशाला घासून गेला, रान ओलांडून गेला आणि शेवटी भिंतीला धडकून घरघरत बसला. तेव्हा कुठे सशाने कान हलवले आणि तो निघाला. एक चौकोन पुढे, मग वळला आणि ऐटीत चालत वाळूत जाऊन उभा राहिला.

हसण्याचा असा कल्लोळ उठला की विचारू नका.

"मी डावीकडेच दाबलं होतं," वकिलीणबाईंचे डोळे भरून आले. "नदी डावीकडेच आहे."

ती कापडाच्या पलीकडे, सशाच्या समोर बसली होती. बाईंना चूक दिसली, ती ओठांवर आलीसुद्धा. पण त्यांनी ती गिळली. "सशाला परत गवतात ठेव. आणि त्याला नदी कुठे दिसते ते बघ," एवढंच म्हणाल्या.

पोरीने ससा ठेवला, सरळ त्याच्या मागे जाऊन पालथी पडली आणि हनुवटी जमिनीला टेकवली. क्षणभराने ओरडली, "अय्या! तिथे बसल्यावर माझी डावी म्हणजे याची डावी नव्हतीच!"

मग काय, अख्खा वर्ग पालथा पडला. बाईही पडल्या. आणि बाजूला कुणीतरी "सरका जरा" म्हणालं म्हणून बघतात, तर मोठ्या बाई! इस्त्री गेली खड्ड्यात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"इथून तर गवत, मग नुसतं निळं," त्या पुटपुटल्या. "कोल्हा दिसतच नाही हो बिचाऱ्याला. म्हणून तो थांबतो होय?"

"ऐकू येतो त्याला," वकिलीणबाई म्हणाल्या. "कान आहेत ना."

या वेळी ससा बरोबर नदीवर पोचला. तिने शेवटी एक जादा 'थांब' टाकला होता. "पाणी प्यायला वेळ नको?" असं तिचं म्हणणं.

टाळ्या थांबल्यावर मोठ्या बाई कपडे झटकत उठल्या आणि भिंतीशी जाऊन त्यांनी कोल्हा उचलून घेतला. "सगळे सशाचंच बघताय. कोल्ह्याची पिल्लं उपाशी राहिली त्याचं काय?"

असा विचार कुणी केलाच नव्हता.

"कोल्ह्याचा हुकूम आता मी देणार," त्या म्हणाल्या आणि वर्गाकडे पाठ करून, कुणाला दिसू नयेत अशी बटणं दाबू लागल्या. पोरं धावत सशाभोवती जमली, कुजबुज सुरू झाली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, शिपाई दोनदा डोकावून गेला, मोठ्या बाईंना भेटायला आलेले पाहुणे बाहेर ताटकळले. पण आत कुणाचं लक्ष होतं? बाईंनी हळूच दार लावून घेतलं.