बेइशेनच्या गाडीचं तेल

बेइशेन सलग तीन पहाटे झूराच्या स्वप्नात आला आणि एक शब्द बोलला नाही. बायकोच्या स्वप्नात यायचं आणि मूग गिळून बसायचं, हे त्यालाच शोभतं. जिवंतपणीही तो तसाच होता. स्वप्नात त्याची जुनी व्हॅन उभी असे, पावासारखी बुटकी आणि गोलसर. चाकांखाली तळ्याचं पाणी असे, आणि गाडी काही बुडत नसे. तो तेल मोजायची पट्टी बाहेर ओढी, नाकाशी नेऊन हुंगे आणि परत आत सरकवी.

"अहो, कुठलं तेल घालायचात तुम्ही? तेवढं तरी सांगा," झूरा विचारी. तो नुसता हसे, आणि तिला जाग येई.

प्रश्न साधा होता, पण झूराचं सगळं घर त्यावर टांगलेलं होतं. बेइशेन शेंडेफळ, म्हणून रीतीप्रमाणे आई त्याच्याकडे. मागच्या हिवाळ्यात तो गेला आणि थोरला भाऊ राइमकुल येऊन सांगून गेला, "उन्हाळ्यात खिंड चढून स्वतःच्या गाडीनं वरच्या कुरणात आलीस, तर तुझा तंबू वेगळा, आई तुझ्याकडे. गाडी घाटात बसली, तर आई आणि मेंढ्या माझ्याकडे. तू राहा इथंच कोचकोरला." राइमकुल दुष्ट नव्हता. बाईमाणसाला हे झेपायचं नाही असं त्याला मनापासून वाटे, आणि अशी माणसं दुष्टांपेक्षा जास्त ताप देतात.

मेंढ्या गेल्या असत्या तरी झूरानं सोसलं असतं. पण सासू अनारकान, जिला सगळे आपा म्हणत, तिच्याशिवाय घर ही कल्पनाच तिला करवेना. झूरा लहानपणीच आईविना झालेली. लग्नानंतर तापात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली ती हीच म्हातारी.

गाडीतलं तेल बेइशेननं शेवटच्या पानगळीत भरलेलं. ते बदलायला हवं हे झूराला कळत होतं. पण ते त्याच्या हातचं होतं. रोज ती पट्टी काढी, ते काळंकुट्ट तेल बोटावर घेई आणि उद्या बदलू म्हणे. निघायला पाच दिवस उरले तरी तिचा तो उद्या उजाडला नव्हता.

स्वप्नाचं ऐकून आपा म्हणाली, "मुका येतोय म्हणजे भुकेला आहे. त्याला वास पाहिजे गं. गुरुवारी बोरसोक तळू."

गुरुवारी दुपारी अंगणात कढई चढली. कणकेचे चौकोनी तुकडे तेलात पडून फुगू लागले, आणि तो खमंग निळसर धूर गेलेल्यांच्या वाटेनं वर निघाला. आपा दुआ पुटपुटत होती. वारा पडला होता. धूर सफरचंदाच्या झाडात अडकला, गाडीच्या टपावर रेंगाळला, आणि चुलीशी बसल्या बसल्या झूराचा डोळा लागला. किती वेळ झोपली कोण जाणे. जागी झाली तेव्हा चूल विझली होती, कढई घासून पालथी घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टी ओढली. तेल खुणेच्या दोन बोटं वर! आणि वास? बोरसोकचा.

"आपा! गाडीत काय घातलंत?"

"मी कशाला काय घालू?" आपा दारात उभी राहून आकाश बघू लागली. "उरलेलं तळणीचं घातलं थोडंसं. दुआ केलेलं तेल पायदळी येऊ देऊ नये. म्हटलं, त्याच्याच गाडीत घालावं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"अगं, कढईत उरलं होतं तेवढंच!"

झूराला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. नशीब, इंजिन चालू केलेलं नव्हतं. रस्त्याकडेच्या लोखंडी कंटेनरात तेलं विकणारा जेनबाय मेकॅनिकही होता. तो पाने घेऊन आला, गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "वहिनी, तीस वर्षं इंजिनाखाली लोळतोय, भूक आजच लागली!"

त्यानं बूच काढलं. सगळं तेल परातीत उतरू लागलं, आधी जाड, मग सुतासारखं बारीक. बेइशेनच्या हातचं ते शेवटचं होतं. झूरा परातीशी बसून दोघांदेखत रडली. जेनबाय बराच वेळ गाडीखालून बाहेर आला नाही. मग त्यानं स्वस्त तेल घालून इंजिन एकदा विसळलं आणि दोन डबे तिच्यापुढे ठेवले.

"हे सिंथेटिक. पातळ आहे, थंडीत गाडी झटकन उचलते. पण हे आतली काजळी धुऊन काढतं, आणि तुझ्या गाडीची रबरी सीलं वाळलीयत. काजळीनंच भेगा बुजवल्यात. घाटात निम्मं तेल रस्त्यावर सांडेल." त्यानं दुसऱ्या डब्यावर टिचकी मारली. "हे साधं, घट्ट. चढावर दाब धरतं. बेइशेन हेच न्यायचा माझ्याकडून, कॅनमध्ये ओतून."

"मग हेच द्या की."

"थांब. वर पहाटे पाणी गोठतं, तेव्हा हे मधासारखं होतं. शेणीचे निखारे परातीत घेऊन इंजिनाखाली अर्धा तास ठेवावे लागतात. त्याच वेळी तुला घोड्या दुहायच्या, मेंढ्या सोडायच्या. एकटीला जमायचं नाही. वर तुझ्याबरोबर कोण असणार, ते ठरलंय का?"

झूरानं आपाकडे पाहिलं. दोन मुलांच्या मध्ये उभी केलेली म्हातारी काय बोलणार? ती शालीचे गोंडे मोजत राहिली. तरी झूरानं घट्ट तेलाचा डबा उचलला.

त्यानंतर बेइशेन स्वप्नात आला नाही.

निघायच्या दिवशी लोकरीचे नमदे, तंबूच्या काठ्या, भांडी मागे भरली. पुढे झूरा, शेजारी अंथरुणाची वळकटी मांडीवर घेऊन आपा. खिंडीत ढग उतरले. काचेबाहेर जग उरलं नाही. रस्ता हातभर दिसे आणि विरून जाई. कधी कुठून घोड्याचं खिंकाळणं येई आणि घोडा दिसत नसे. गाडी चढतेय की तरंगतेय, झूराला सांगता आलं नसतं. तिला दिसत होता तो फक्त तेलाच्या दाबाचा काटा. तो एकदा थरथरला. मग तो स्थिर झाला आणि तसाच राहिला.

माथ्यावर ढग फाटले. खाली सोन-कुल तळ्याचं पाणी, काठाशी राइमकुलचा तंबू. तो आदल्या दिवशीच कळप घेऊन आला होता. उतार संपवून झूरानं त्याच्या तंबूपाशी गाडी थांबवली. राइमकुल वाकला, गाडीखाली हात फिरवून बघितला. हात कोरडा.

"आलीस म्हणायची," तो म्हणाला. थोडा खट्टू झाला, थोडा खूशही. मग त्यानं आपाच्या बाजूचं दार उघडलं. "आई, उतर. गाडी वर आली खरी, पण उद्या पहाटे थंडीत ती चालू कोण करणार? तुझी जागा आत करून ठेवलीय."

त्यानं वळकटीला हात घातला. झूरा समोर बघत राहिली. तिच्या हातात स्टिअरिंग होतं, तेच तिनं घट्ट धरलं.

आपानं वळकटी मांडीवर ओढून घेतली आणि दार लावलं, जोरात.

"इथं काय थांबलीस, सूनबाई?" ती म्हणाली. "चल पुढे. आपला तंबू कुठं टाकायचा, ते तू सांग."