राजकुमारासाठी आणलेलं स्टूल

"दीदी, तुम्हाला राजकुमारापेक्षा बुटकी राजकन्या कुठं मिळालीच नाही काय?"

विचारलं मी! शाळेत दाखवलेला सिनेमा संपल्यावर, अख्ख्या हॉलसमोर, माइक धरून! पिंकी आणि अपर्णानं पैज लावली होती, "हिंमत असेल तर विचार." मागून हशा उठला, कारण विचारणारी मी, नववीतली सगळ्यात उंच पोट्टी. एन्युअल फंक्शनला दरवर्षी मला मिशी लावून राजकुमार करतात. यंदा याच सिनेमाची गोष्ट बसवायचीये, आणि मॅडमनी राजकुमारासमोर माझं नाव लिहूनही टाकलं. मला एकदा तरी राजकन्या व्हायचं होतं. पण सांगणार कोण?

सिनेमा जुन्या परीकथेवरचा, पण काय केलाय! वरमालेच्या सीनला राजकुमाराचे मामा त्याला उचलायला धावतात, आपल्याकडच्या लग्नात उचलतात तसेच. तो त्यांना हातानं थांबवतो. राजकन्या ताठ उभी. तो नुसता वर बघतो, हात लांबवतो, माळ तिच्या कानाला अडकते आणि दोघंही खुदकन हसतात. मी तर खुर्चीच्या टोकावर आले होते!

सिनेमा बनवणाऱ्या निवेदितादीदी माझ्या प्रश्नावर चिडल्या नाहीत.

"बुटक्या खूप आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "उंच मुलीही आल्या, पण त्यांतली ही एकटीच उंची लपवायला खांदे पाडून उभी राहिली नाही. शूटिंगला कॅमेरावाल्यानं हिरोसाठी स्टूल आणलं, तर हिरोच म्हणाला, 'हटाओ भैया, मला तिच्याकडे वरच बघायचंय.' मग त्या स्टुलावर मी बसले. शेवटपर्यंत!"

हॉलभर टाळ्या. माझं लक्ष मात्र माझ्याच खांद्यांकडे गेलं. पडलेले! ग्रुप फोटोतसुद्धा मी गुडघे वाकवून उभी राहते. तिथंच खांदे सरळ केले.

घरी आले तेव्हा पप्पा सिलतऱ्याच्या प्लांटमधून नुकतेच येऊन बुटांच्या लेस सोडत होते.

"इरा, तुयावाली मिशी आणून ठेवली," आई म्हणाली. "अन् अशी ताठून काहून उभी आहे व?"

"मिशी आमच्या वर्गातल्या यशदीपले देऊन टाक, आई."

"त्या नाटकातल्या दरबानाले? तो तर तुह्या खांद्याले लागते!"

"हव, त्यालेच. पप्पा, तुम्ही पण ऐका. उद्या मी मॅडमले सांगणार, यंदा राजकन्या मीच. यशदीप राजकुमार झाला तरी चालते. पण स्टूल नाही भेटणार त्याले!"