हेमकांत भट्टी

शांतीलाल गुरुजींनी यंत्रावर मुलाचं नाव रंगवून घेतलं होतं. काचेचं भांडं, त्यात जड पाणी, पाण्यात पॅलेडियमची तार. थंड असतानाच अणू एकमेकांत मिसळतात आणि घेतलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता देतात, असा त्यांचा दावा होता.

पत्नी वत्सलाबाई गेल्या तेव्हा गुरुजींनी बोलणंच सोडलं होतं. हेमकांतनंच त्यांना या प्रयोगाला बसवलं. टेबल, वायरिंग सगळं त्यानं केलं. एका दुपारी पाणी तापलं, आणि "नाना, जमनं!" म्हणत त्यानं बापाला मिठी मारली. गुरुजी त्या दिवशी पोटभर जेवले.

मागच्या वर्षी अक्कलकुव्याजवळ ट्रकच्या धडकेत हेमकांत गेला. मग गुरुजींना एकच ध्यास लागला. हे यंत्र जगानं मानावं, त्याच्या नावानं.

म्हणून कळसाडीतल्या त्यांच्या कापसाच्या खोलीत आज माणसं जमली होती. गावकरी, एक बातमीदार आणि शहाद्याहून आलेले दोन प्राध्यापक. त्यातल्या वळवी सरांनी आधीच सांगितलं होतं, "गुरुजी, हे अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही."

बटण दाबलं. तापमापीतला पारा चढला. टाळ्या पडल्या.

"हेच भांडं त्या दुसऱ्या टेबलावर चालवून बघू या?" वळवी सरांनी विचारलं.

"बघा की! कुठंही ठेवा," गुरुजी उत्साहानं म्हणाले.

पाणी थंड करून भांडं हलवलं. पुन्हा बटण दाबलं. चहा झाला, तरी पारा जागचा हलेना. गुरुजी एकेक तार आवळत राहिले. "थोडं थांबा, होईल," म्हणत राहिले. मागं कुणीतरी हसलं.

एखादी तार तिकडंच राहिली असेल म्हणून त्यांची इंजिनिअर मुलगी मयूरी पहिल्या टेबलाकडं गेली. तिनं वरची फळी उचलली. खाली हीटरची कॉइल होती, अजून कोमट. तिची वायर टेबलाच्या पायातून मीटरला वगळून थेट बोर्डाकडं गेली होती. टेप गुंडाळण्याची पद्धत पाहूनच तिनं भावाचा हात ओळखला.

वळवी सर शेजारीच उभे होते. त्यांनी पाहिलं, आणि हळूच फळी खाली ठेवली.

"आज पुरावा मिळाला नाही," ते सर्वांना म्हणाले. "गुरुजी, मोजमाप पुन्हा तपासा."

माणसं पांगली. गुरुजी उठले आणि त्यांनी स्वतः ती फळी काढली.

"हाई हेमकांतनी करं?"

मयूरीनं होकारार्थी मान हलवली. "तुम्ही जेवत नव्हतात, नाना."

"मन्हासाठे करं त्यानी," ते म्हणाले आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. मयूरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

टेबल हेमकांतनं केलं हे गावाला माहीत होतं; कॉइलचं आज ना उद्या फुटलं, तर बोल त्याच्यावरच येणार होता. दुसऱ्या दिवशी गुरुजी मयूरीला घेऊन शहाद्याला गेले. बातमीदाराला बोलावून त्याच्यासमोरच ते वळवी सरांना म्हणाले, "ती कॉइल मी लावली होती. पोराला त्यातलं काही माहीत नव्हतं."

वळवी सर त्यांच्याकडं पाहत राहिले. "गुरुजी, विचार करून बोला."

"करूनच आलोय."

बातमी छापून आली. रस्त्यात थांबून पाया पडणारे जुने विद्यार्थी आता मान वळवून निघून जाऊ लागले. एकदा बसस्टँडवर कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, "मास्तरनी लोकेस्ले फसाडं."

मयूरी ताडकन उठली. गुरुजींनी तिचा हात धरला.

"बस, बेटा," ते म्हणाले. "म्हनू दे त्यास्ले."