डोंगराकडे पाय

परदेशी पाहुणे म्हणतात, आमच्या गावात केवढी शांतता! हसावं की रडावं तेच कळत नाही मला. पहाटेपासून कोंबडे कोकलतात, डुक्कर किंचाळतं, संध्याकाळी देवळात गामेलानच्या घंटा-झांजा बडवणाऱ्यांची ठणाठण सुरू. कसली डोंबलाची शांतता! पण हॉलंडहून आलेल्या मारिकाबाईंना ती सापडली. साठीची बाई, आमच्या दारातून वाकूनच यावं लागलं एवढी उंच. अंगणात पाऊल टाकलं आणि डोळ्यांत पाणी. चुलीचा धूर बघून आहाहा, भात कांडायचं मुसळ बघून आहाहा. म्हटलं, बाई गं, हाच धूर रोज डोळ्यांत जाऊ दे, मग विचारते तुझं आहाहा.

पण मनातल्या मनात म्हटलं. ही आमची पहिलीच पाहुणी, आणि माझं सगळं तिच्यावर अडलं होतं. माझा नवरा कोम्पियांग लांब समुद्रकाठच्या हॉटेलची गाडी चालवतो. सणाला येतो, लेक त्याला जरा ओळखायला लागते न लागते तोच निघतो. आमची रिकामी खोली पाहुण्यांच्या भाड्यावर चालली, तर तो घरी राहणार होता. पण घर मेमेच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, शब्दावर चालतं. तिनं आधीच बजावलं होतं, "एकदा बघेन, रासमिनी. देवांचा मान राहिला तर ठीक. नाहीतर त्या खोलीत डुकरीण बांधीन."

मी मारिकाबाईंना सगळं सांगितलं. देवळात जाताना कमरेला ओढणी बांध, अंगणात देवांसाठी ठेवलेली फुलं ओलांडू नकोस. झोपायचं कसं ते मात्र सांगितलं नाही. आता ते काय सांगायचं? देव राहतात डोंगरात; तान्ह्या पोरालासुद्धा आम्ही डोंगराकडे डोकं करूनच निजवतो. ते कुणाला माहीत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन गेले, तर दार सताड उघडं. बाईनं पलंग उलटा फिरवला होता. उठल्याउठल्या भातशेत दिसावं म्हणून! डोकं समुद्राकडे, आणि ते लांबच्या लांब पाय थेट डोंगराकडे, आमच्या पितरांच्या देवळावर रोखलेले. वर बाई घोरत होती.

मागे मेमे. हातात पूजेच्या फुलांचं ताट.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

मेमेनं ताट खाली ठेवलं आणि दात ओठ खात म्हणाली, "धर पलंग."

"मेमे, आधी तिला उठवते."

"झोपलेल्याला दचकवू नये. एवढंही शिकवलं नाही तुझ्या आईनं? धर!"

आता बोला! मी एका खुराला लागले, मेमे दुसऱ्याला. हाडाची काडी झालेली म्हातारी, पण जोर बघावा तिचा. पलंग करकरला, थोडा फिरला, फरशीत अडकला. मेमेनं खांदा लावून असा काही हिसका दिला की अख्खा पलंग गदगदा हलला.

मारिकाबाईंनी डोळे उघडले, किंचाळल्या, "भूकंप!" खाली उडी मारली, समोरच्या मेमेला लहान पोरासारखं उचललं आणि धूम ठोकली ती थेट अंगणात.

भूकंप म्हटल्यावर आमची गल्ली थांबते होय? जो तो हाताला लागेल ते पातेलं बडवत बाहेर. "जिवंत आहोत! आम्ही जिवंत आहोत!" आमच्याकडे म्हणतात, वर माणसं आहेत हे धरणीखाली जो बसलाय त्याला कळलं की तो ती हलवायचं थांबतो. सगळे घसा फोडून ओरडत होते आणि झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

शेजारचे पान लेमेस, म्हणजे लेमेसचे बाप, भिंतीवरून डोकावले. रात्रीच्या कपड्यांतली गोरी बाई आणि तिच्या कडेवर आमची मेमे.

"काय गं वहिनी," ते म्हणाले, "लग्नातसुद्धा कुणी एवढं मिरवलं नव्हतं तुला!"

गल्ली खो खो हसली. मी सगळा प्रकार सांगितला तेव्हा तर पातेली हातातून पडली लोकांच्या. मारिकाबाई मात्र लालबुंद. मेमेला अलगद खाली ठेवून त्यांनी देवळाकडे हात जोडले. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाल्या, "चूक. मोठी चूक. मी जाते." आणि सामान आवरायला वळल्या. संपलं सगळं. आली आता डुकरीण.

मेमे केस बांधत होती. माझ्यावरच खेकसली, "धरणी हलली तेव्हा तू कुठे होतीस?"

"मेमे, धरणी कुठे हलली?"

"तिला तर वाटलं ना हलली! चप्पल घेतली का तिनं? तो फोटोचा डबा घेतला? मला घेतलं." मग पदरानं नाक पुसून ती पुन्हा नेहमीसारखी कडाडली, "बघत काय बसलीस? तिची कॉफी गार होतेय. आणि कोम्पियांगला फोन लाव. म्हणावं, नोकरी सोड आणि घरी ये. हा पलंग जमिनीला ठोकून टाकायचाय, पुढचे पाहुणे यायच्या आत."